नकाराची जागा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर इंग्रजी शिकवत राहिले. तेही अशा मुलांना, ज्यांच्या घरात इंग्रजी कुणीच बोलत नव्हतं. म्हणून आजचा विषय त्यांच्या वर्गातूनच उचलला आहे. इंग्रजी वाक्यात 'नॉट' कुठे बसतो, 'रिअली', 'डेफिनिटली', 'कम्प्लिटली' असे जोर देणारे शब्द त्याच्या अलीकडे येतात की पलीकडे, आणि एवढ्याशा हालचालीनं अर्थ कसा फिरतो, याबद्दल मी बोलणार आहे. विषय व्याकरणाचा आहे हे खरं. पण तो आपल्याला दवाखान्यात, कोर्टात आणि साखर कारखान्याच्या नोटिशीतही गाठतो. म्हणून तो सभागृहात मांडायला मला संकोच वाटत नाही.

दोन वाक्यं घेऊ. 'आय रिअली डोन्ट लाइक इट.' आणि 'आय डोन्ट रिअली लाइक इट.' शब्द तेच, पाचच्या पाच. फक्त 'रिअली' आणि 'डोन्ट' यांनी जागा बदलल्या. पहिल्या वाक्यातला माणूस वैतागलेला आहे: मला हे खरंच आवडत नाही, पुन्हा विचारू नका. दुसऱ्या वाक्यातला माणूस नाराज नाही, फक्त फार खूशही नाही: मला हे तितकंसं आवडत नाही. घरी आलेल्या पाहुण्यानं चहाबद्दल पहिलं वाक्य म्हटलं तर यजमानीण दुखावेल. दुसरं म्हटलं तर ती पुढच्या वेळी साखर थोडी कमी घालेल.

असं का होतं? इंग्रजीत 'नॉट'चा अंमल साधारणपणे त्याच्या उजव्या बाजूला चालतो. जोर देणारा शब्द डावीकडे असला तर तो नकाराच्या अमलाबाहेर राहतो आणि नकारालाच बळ देतो. उजवीकडे असला तर नकार त्याच्यावरच येऊन पडतो आणि त्या शब्दाचा जोरच नाकारला जातो. 'ही इज डेफिनिटली नॉट कमिंग' म्हणजे तो येत नाही, हे नक्की. 'ही इज नॉट डेफिनिटली कमिंग' म्हणजे येईलही, नक्की काही नाही. पहिल्या निरोपावर आपण त्याचं ताट मांडत नाही, दुसऱ्यावर मांडून ठेवतो.

याहून गंभीर जोडी पाहा. 'शी डेलिबरेटली डिड नॉट हर्ट हिम' म्हणजे त्याला इजा होऊ नये याची तिनं जाणूनबुजून काळजी घेतली. 'शी डिड नॉट डेलिबरेटली हर्ट हिम' म्हणजे इजा झाली असेल, पण तिनं ती मुद्दाम केली नाही. फौजदारी कायद्यात हेतूला केवढी किंमत असते हे इथं बसलेल्या वकील मंडळींना सांगायला नको. जबाब इंग्रजीत टाइप होताना एक क्रियाविशेषण दोन शब्द पुढे सरकलं, तर एका वाक्यात इजा झालीच नाही आणि दुसऱ्यात ती झाल्याचं गृहीत धरलं गेलं.

नियम सांगितला की अपवाद येतोच. 'ऍट ऑल' नेहमी 'नॉट'च्या उजवीकडेच येतो, तरी तो नकार सैल करत नाही, उलट घट्ट करतो. असे शब्द नकाराच्या आश्रयानंच जगतात. साध्या होकारार्थी विधानात ते उभे राहत नाहीत. आणि 'नॉट व्हेरी गुड'चं काय? तर्कानं पाहिलं तर त्याचा अर्थ 'फार चांगलं नाही, पण कदाचित बरं असेल' असा निघतो. वापरात मात्र इंग्रज माणूस सभ्यपणे 'वाईट' असंच सांगत असतो. आपल्याकडे नाही का, स्थळ बघून आलेला मामा 'मुलगा फारसा शिकलेला वाटला नाही' म्हणाला की घरातल्यांना काय ते कळतं? तर्क आणि रीत या दोन्ही गोष्टी कानाला लागाव्या लागतात. पण आधी जागा कळली पाहिजे, रीत त्यानंतर.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या दोन निरीक्षणांचा आपल्याला उपयोग आहे. बोलणाऱ्याला नकार लवकरात लवकर, वाक्याच्या सुरुवातीकडे उरकून टाकावासा वाटतो, हे एक. आणि नकार वाक्यातल्या दुसऱ्याच एखाद्या भागाचा असला तरी तो क्रियापदाला जाऊन चिकटतो, हे दुसरं. लॉरेन्स हॉर्न यांच्या 1989 सालच्या मोठ्या ग्रंथात हा धागा आणखी पुढे नेलेला आहे. ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून इंग्रजी 'नाही'ची पाटी आधी लावते.

मराठीचं बरोबर उलट आहे. आपला 'नाही' शेवटी येतो. 'मी उद्याच्या मोर्चाला सगळ्या कार्यकर्त्यांना घेऊन येणार' इथपर्यंत ऐकलं तरी पुढे 'आहे' येणार की 'नाही', ते कळत नाही. सभेत बोलणारे पुढारी या जागेवर थांबून टाळ्या घेतात, हे आपण पाहिलेलं आहे.

मग मराठी माणूस वाक्य संपेपर्यंत अंधारात राहतो का? नाही, आणि इथंच मराठीची खरी करामत आहे. आपल्याकडे काही शब्द असे आहेत की ते कानावर पडताच पुढे 'नाही' येणार हे कळतं. 'फारसं', 'तितकंसं', 'विशेषसं' हा एक गट. 'मुळीच', 'अजिबात', 'काडीइतकंही', 'तसूभरही' हा दुसरा. 'पाऊस फारसा' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य ऐकणारा स्वतः पूर्ण करतो. 'पाऊस फारसा पडला' असं आपण म्हणतच नाही. पहिला गट नकार सैल करतो, दुसरा आवळतो. इंग्रजी जे काम 'रिअली' हा एकच शब्द अलीकडे-पलीकडे सरकवून करते, ते मराठी दोन वेगळ्या शब्दांकडून करून घेते. 'आय डोन्ट रिअली लाइक इट'ला 'तितकंसं आवडत नाही' आणि 'आय रिअली डोन्ट लाइक इट'ला 'मुळीच आवडत नाही'. मी कित्येक वर्षं शिकवलं, पण या एका गोष्टीनं मुलांच्या डोक्यात जेवढा उजेड पडतो तेवढा नियमांच्या पानांनी पडत नाही.

आपल्या भागातली बोली तर याहून चोख आहे. सातारा-सांगलीचा कुणीही शेतकरी 'औंदा ऊस लई काय आला न्हाई' म्हणतो, तेव्हा त्या 'काय'कडे लक्ष द्या. तो प्रश्न विचारत नाही. नकार 'लई'वर आहे, 'आला'वर नाही, हे तो 'काय' सांगतो. ऊस आला, पण फार आला नाही. आणि 'औंदा ऊस आलाच न्हाई' म्हटलं की नकार थेट येण्यावर पडतो. 'अजाबात' तर विचारूच नका. ज्याला इंग्रजीतल्या नकाराचा पल्ला समजत नाही असं आपण म्हणतो, तोच विद्यार्थी घरी आज्जीशी बोलताना हा पल्ला एकदाही चुकत नाही. प्रमाण मराठीत हेच काम 'काही' करतो: 'सगळे काही आले नाहीत.'

याच्या जोडीला 'च' आहे. 'पैसे त्यानंच दिले नाहीत.' 'त्यानं पैसेच दिले नाहीत.' 'त्यानं पैसे दिलेच नाहीत.' पहिल्यात बाकीच्यांनी दिले, हा एकटाच राहिला. दुसऱ्यात त्यानं आणखी काही दिलं असेल, धान्य, जमीन, शब्द. पैसे मात्र नाहीत. तिसऱ्यात देण्याची क्रियाच झाली नाही, वाद संपला. इंग्रजीत हेच साधायला कधी शब्दांची जागा बदलावी लागते, कधी वाक्याची रचना, तर कधी नुसता आवाजाचा चढ-उतार पुरतो, आणि तो चढ-उतार कागदावर उमटत नाही. शिवाय आपल्याकडे नकारही एक नाही: नाही, नव्हे, नको, नये, न. 'येऊ नका' आणि 'यायला नको' यांतला फरक आपण पाळण्यात शिकतो. इंग्रजीत मात्र 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे मनाई आणि 'यू नीड नॉट कम' म्हणजे सवलत. दोन्हीकडे 'नॉट' एकच, त्यामुळे त्याच्या शेजारी कोण आहे ते पाहावं लागतं. आमची मुलं प्रेमानं पाहुण्यांना 'यू मस्ट नॉट ब्रिंग एनिथिंग' असं लिहितात. पाहुण्याला ती तंबी वाटते.

मराठी सगळीकडे इंग्रजीपेक्षा स्पष्ट आहे, असा मात्र माझा दावा नाही. नोटीस बोर्डावरचं एक वाक्य घ्या: 'सगळ्या सभासदांना उसाचे पैसे मिळाले नाहीत.' याचा अर्थ काहींना मिळाले, काहींना नाही, की कुणालाच नाहीत? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यामुळे या वाक्याचा अर्थ काय हा प्रश्न थेट थकबाकीच्या आकड्याला जाऊन भिडतो. बोलताना आपण 'सगळ्यांना काही' किंवा 'एकालाही' म्हणून तो सोडवतो. छापताना तसाच सोडून देतो. मग त्याचं इंग्रजी होतं: 'ऑल मेंबर्स हॅव नॉट बीन पेड.' तिथेही तीच संदिग्धता, उलट जास्तच. भारतीय इंग्रजीत ही रचना सर्रास दिसते आणि ती आपल्या मराठीतून, हिंदीतून आलेली आहे. 'नॉट ऑल मेंबर्स' किंवा 'नो मेंबर' असं म्हटलं की प्रश्न मिटतो. 'नॉट' उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवण्याचा तेवढा त्रास घ्यायला हवा.

'बिकॉज'चाही असाच घोळ आहे. 'ही डिड नॉट लीव्ह बिकॉज ही वॉज अफ्रेड.' भीतीपोटी तो गेला नाही, की गेला, पण कारण भीती नव्हतं? मराठीत 'तो घाबरून गेला नाही' हे वाक्यही दोन्हीकडे वळतं. इथं दोन्ही भाषा सारख्याच अडचणीत आहेत आणि दोघींनाही आणखी चार शब्द खर्चावे लागतात.

आता मिरजेची एक गोष्ट सांगतो. सर विल्यम वानलेस यांनी 1894 साली तिथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मिरज हे या सगळ्या पट्ट्याचं आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाचंही दवाखान्याचं गाव झालं. तिथल्या एका क्ष-किरण केंद्राबाहेरच्या बाकावर कडेगाव तालुक्यातले एक बापलेक बसले होते. मुलगा मोटारसायकलवरून पडून हातावर आपटला होता, मनगट सुजलेलं. अहवालात वाक्य होतं: 'नो ऑब्व्हियस फ्रॅक्चर सीन.' मुलगा बारावीला होता. त्यानं वाचलं आणि वडलांना सांगितलं, 'फ्रॅक्चर न्हाई.' दोघं एसटी स्टँडकडे निघायच्या बेतात होते. मी म्हटलं, जरा थांबा. 'नो' आणि 'फ्रॅक्चर' यांच्या मध्ये 'ऑब्व्हियस' आहे. नकार फ्रॅक्चरवर नाही, त्याच्या उघडपणे दिसण्यावर आहे. तपासणाऱ्यानं 'ऑब्व्हियसली नो फ्रॅक्चर' लिहिलं असतं तर निघायला हरकत नव्हती. मनगटात स्कॅफॉइड नावाचं एक लहान हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. हे हाडाच्या डॉक्टरांनी सांगायचं, माझं काम नाही. मी त्यांना फक्त परत आत जाऊन विचारायला सांगितलं. वडील काही वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'म्हंजे न्हाई म्हनत न्हाईत, पर हाय बी म्हनत न्हाईत.'

इंग्रजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्या वाक्याचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलाला येत होतं, आणि त्याच्या त्या येण्यानंच घात केला असता.

वैद्यकीय अहवाल अशा वाक्यांनी भरलेले असतात. 'नो डेफिनिट एव्हिडन्स', 'नॉट कम्प्लिटली ब्लॉक्ड', 'मॅलिग्नन्सी कॅनॉट बी रूल्ड आउट'. हे शेवटचं वाक्य वाचून कुणी पेढे वाटायला निघतो, कारण त्याला 'कॅनॉट' तेवढा दिसतो. कुणी हाय खातो, कारण त्याला 'मॅलिग्नन्सी' तेवढी दिसते. त्या वाक्यात दोन नकार आहेत, एक 'नॉट'मधला आणि एक 'रूल आउट'मधला, आणि दोन्ही मिळून होकार होत नाही. कर्करोग नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही, पुढची तपासणी करा, एवढंच ते सांगतं. गणितात उणे गुणिले उणे अधिक होतं, भाषेत ते दरवेळी होत नाही.

आता आमच्या शाळा-कॉलेजांकडे येतो, कारण हे दुखणं तिथं सुरू होतं. 1919 साल आपल्या भागासाठी मोठं होतं. त्या वर्षी कराड तालुक्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज निघालं. विलिंग्डनमध्ये इंग्रजी शिकवलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक पुढे हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आलं. रयतेच्या पोरांपर्यंत इंग्रजी नेण्याचं काम या दोन जिल्ह्यांनी केलं तसं थोड्याच जिल्ह्यांनी केलं असेल. दोन जिल्हे तरी कशाला म्हणायचं? सांगली जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव 'दक्षिण सातारा'च होतं. 2000 सालापासून तर मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पोचण्याचा प्रश्न बराचसा सुटला. काय पोचलं, हा प्रश्न उरला.

आमच्या परीक्षांमध्ये वर्षानुवर्षं एक प्रश्न येतो: अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा. 'ही इज ब्रेव्ह' दिलं की 'ही इज नॉट अ कॉवर्ड' लिहायचं आणि गुण घ्यायचा. मुलं हे पटापट करतात. पण अर्थ बदलला नाही असं कसं म्हणायचं? भित्रा नसलेला प्रत्येक माणूस शूर असतो का? जेवून उठताना 'स्वयंपाक वाईट नव्हता' म्हणून बघा. ज्यांनी रांधलं त्यांना 'चांगला' आणि 'वाईट नाही' यांच्यात किती अंतर आहे ते लगेच कळेल. 'नो सूनर... दॅन' चंही तेच. 'नो सूनर' पुढे आणल्यावर 'हॅड' किंवा 'डिड' कर्त्याच्या आधी का येतो, हे न सांगता तो साचा घोटून घेतला जातो. कारण सांगायला दोन मिनिटं लागतात. नकार वाक्याच्या तोंडाशी आला आणि त्याचा अंमल सगळ्या वाक्यावर चालणार असला, की इंग्रजी सहायक क्रियापदाला पुढे बोलावून तसं जाहीर करते. 'ऍट नो टाइम डिड ही रेस्ट', म्हणजे त्यानं कधीच विश्रांती घेतली नाही. 'इन नो टाइम ही फिनिश्ड' इथं 'डिड' पुढे येत नाही, कारण नकार त्या तीन शब्दांतच अडकलेला आहे: त्यानं काम संपवलं, आणि झटकन संपवलं. एवढं सांगितलं की साचा पाठ करावा लागत नाही.

मला या प्रश्नाचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. नकार म्हणजे कपडे बदलल्यासारखं काहीतरी आहे, आतला माणूस तोच राहतो, असं हा प्रश्न मुलांना शिकवतो. मग तीच मुलं करारावर सही करतात, विम्याचे कागद भरतात, परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीला बसतात. 'डिडन्ट यू अप्लाय अर्लिअर?' असं विचारलं की 'यस, आय डिडन्ट' म्हणतात, कारण मराठीत 'हो, नाही केला' हे अगदी बरोबर आहे. आपण प्रश्नकर्त्याच्या समजुतीला हो म्हणतो; इंग्रजीत स्वतःच्या उत्तराला हो किंवा नाही म्हणायचं असतं. मुलं मंद नसतात. त्यांना हा फरक कुणी समोर मांडून दाखवलेला नसतो.

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली आपलं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केलं. ही मंडळी दोन्ही भाषा जाणणारी होती आणि एकीच्या उजेडात दुसरी बघत होती. आपण इंग्रजी शिकवताना मराठीला वर्गाबाहेर उभं केलं, ही मोठी चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. 'लई काय न्हाई' म्हणणाऱ्या मुलाला 'नॉट व्हेरी मच' शिकवायला त्याचं स्वतःचं वाक्य फळ्यावर लिहिणं पुरेसं आहे. त्याची बोली अशुद्ध आहे म्हणून ते पुसायचं आणि परक्या भाषेतून तेच तत्त्व कोरडं करून शिकवायचं, यात वेळही जातो आणि मुलगाही दुखावतो.

समोर बरेच शिक्षक बसले आहेत, काही प्रश्नपत्रिका काढणारेही आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. येत्या सहामाहीला 'अर्थ न बदलता नकारार्थी करा' हा प्रश्न वगळा. त्याच्या जागी दोन वाक्यं शेजारी शेजारी द्या, एकात 'रिअली' अलीकडे, एकात पलीकडे, आणि विचारा: अर्थ काय बदलला ते तुमच्या घरच्या मराठीत लिहा. उत्तर प्रमाण मराठीत नसलं तरी पूर्ण गुण द्या.